कच्च्या कोडवरही मॉड फुलतात, मग ते अडतात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, दोन मित्रांबरोबर ठोकळ्यांच्या जगाचा एक सँडबॉक्स गेम जावामध्ये लिहिताय आणि पुढे लोकांनी त्यावर मॉड, म्हणजे गेममध्ये आपली भर घालणारे तुकडे, बनवावेत अशी तुमची इच्छा आहे. एक मित्र म्हणतो, माइनक्राफ्टचा कोड सुरुवातीला कच्चाच होता, तरी त्याच्याभोवती एवढी प्रचंड मॉडिंग कम्युनिटी उभी राहिली. तेव्हा कोड घासत बसू नका, गेम बाहेर काढा. दुसरा म्हणतो, आधी आर्किटेक्चर नीट बसवू, मग बाकीचं. तुम्ही विचारलंय, कुणाचं ऐकायचं?

मी पोटापाण्यासाठी जावा लिहितो आणि १.७.१० या व्हर्जनच्या काळापासून माइनक्राफ्टचे मॉड लिहीत, सांभाळत आलोय. त्या अनुभवातून माझं मत असं झालंय की कच्च्या कोडमुळे मॉडिंग थांबत नाही. मात्र मॉड कोण लिहू शकेल, किती मॉड एकत्र नांदतील आणि एक मॉड किती वर्षं जगेल, हे कोडवरच ठरतं. तुमचा पहिला मित्र फक्त सुरुवात बघतोय. मॉडिंगची खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, चौथ्या-पाचव्या अपडेटला होते.

आधी पहिल्या मित्राचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य करू. माइनक्राफ्ट २००९ मध्ये एका माणसाने सुरू केला आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये १.० आलं. मॉडिंगसाठी त्यात कसलीही अधिकृत सोय नव्हती. उलट क्लास आणि मेथडची, म्हणजे कोडच्या तुकड्यांची, नावं मुद्दाम 'ए', 'बी', 'एए' अशी करून टाकलेली असायची, म्हणजे कुणी उलगडून वाचायला घेतलं तरी काही कळू नये. पण जावा कंपाइल झाल्यावरही क्लासची रचना, कोण कुणाचा वारसदार, कोणती मेथड कुणाला बोलावते, हे सगळं बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या कोडमध्ये, शाबूत राहतं. नावं पुसली तरी सांगाडा दिसतो. २०१० मध्ये मॉड कोडर पॅक आला आणि लोकांनी मिळून त्या पुसलेल्या नावांच्या जागी नवी नावं बसवायला घेतली. प्रत्येक मेथडला आधी एक ओळख-आकडा मिळायचा, मग कुणीतरी कोड वाचून 'ही मेथड ब्लॉक फुटल्यावर चालते' असं ओळखायचं आणि नाव सुचवायचं. हजारो मेथडना अशी अनोळखी माणसांनी नावं दिली. तेव्हा मॉडर आले ते कोड सुंदर होता म्हणून नाही. गेम विलक्षण होता आणि आत शिरायला फट होती.

याच्या उलट उदाहरण त्याच गेमचं आहे. बेडरॉक एडिशन ही माइनक्राफ्टची दुसरी आवृत्ती सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे आणि ती फोनवरही चालते. वर जिच्याबद्दल बोललो ती जावा एडिशन फोनवर अधिकृतपणे नाहीच. पण कंपाइल झालेल्या सी प्लस प्लसमधून जावासारखा वाचता येणारा कोड परत मिळत नाही. त्यामुळे तिथे कंपनीने जेवढी दारं ठेवली आहेत, म्हणजे जेसन फाइलींचे अ‍ॅड-ऑन आणि जावास्क्रिप्टचा एपीआय, तेवढ्यातूनच आत जाता येतं. नवे प्राणी, नव्या वस्तू, नवे ब्लॉक करता येतात, पण जगाचा गाभा बदलायचा असेल तर हात पोचत नाही. फोनवर खेळणारी मुलं मला विचारतात, जावावरचा अमुक मॉड आमच्याकडे का नाही? कारण एवढंच आहे.

आता सुरुवातीनंतर काय झालं ते बघा.

त्या काळात मॉड बसवायचा म्हणजे माइनक्राफ्टची जार फाइल झिपसारखी उघडायची, मॉडच्या क्लास फाइली आत टाकायच्या आणि 'मेटा-इन्फ' नावाचं फोल्डर उडवायचं. ते उडवायला विसरलात की गेम काळ्या पडद्यावर अडकायचा. एका मॉडने भट्टीचा क्लास बदललाय आणि दुसऱ्यानेही तोच बदललाय, तर शेवटी टाकलेला टिकायचा आणि आधीचा गुपचूप पुसला जायचा. दोन्ही मॉड आपापल्या जागी निर्दोष असत. चूक असायची ती गेमच्या रचनेत, कारण भट्टीला हात न लावता तिच्याशी बोलायची काही सोयच नव्हती.

२०११ मध्ये आलेल्या फोर्जने, म्हणजे मॉड चालवण्यासाठी स्वयंसेवकांनीच बांधलेल्या सोयीने, ही गाठ सोडवली. मूळ कोडात ठरावीक ठिकाणी छोटी छोटी ठिगळं लावली आणि तिथे हाक मारायची व्यवस्था केली: 'आता ब्लॉक फुटतोय, कुणाला काही करायचंय का?' ज्याला करायचं असेल त्याने कान देऊन राहायचं, मूळ क्लासला कुणीच हात लावायचा नाही. त्यामुळे एकाच जगात शंभर-दोनशे मॉड एकत्र चालवणारे मॉडपॅक शक्य झाले. पण मूळ कोडातली एक मेथड हलली की ती ठिगळं पुन्हा नव्याने लावावी लागतात. प्रत्येक नव्या व्हर्जननंतर मॉडर आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात ते यामुळे. जे काम गेमच्या कोडमध्ये एकदाच व्हायला हवं होतं, ते स्वयंसेवक दर व्हर्जनला करत राहिले.

इथे माझ्या एका मॉडची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या मॉडने शिकवलं.

माझ्या आजोबांच्या मळ्यातल्या विहिरीवर रहाट होता, म्हणून मी रहाटाचा एक छोटा मॉड लिहिला होता. रहाट फिरला की गाडग्यांतून पाणी वर येऊन पाटात पडायचं. जुन्या माइनक्राफ्टमध्ये प्रत्येक ब्लॉकला त्याच्या आयडीखेरीज फक्त चार बिट मिळायचे, म्हणजे ० ते १५ एवढेच आकडे. त्याला मेटाडेटा म्हणायचे. ब्लॉकचं तोंड कुठल्या दिशेला, दार उघडं की बंद, पीक किती वाढलंय, सगळं त्या चार बिटांत कोंबायचं. माझ्या रहाटाच्या चार दिशा, म्हणजे दोन बिट. गाडग्यांत पाणी किती, याच्या चार पायऱ्या, म्हणजे आणखी दोन बिट. हिशोब अगदी काठोकाठ बसला.

मग एका मुलाने लिहिलं, "दादा, रेडस्टोनने रहाट थांबवता आला तर मजा येईल." रेडस्टोन म्हणजे गेममधली वीज. मागणी किती साधी! चालू की बंद, एक बिट. पण पाचवा बिट नव्हताच. त्या एका बिटासाठी मला प्रत्येक रहाटाला वेगळी टाइल एंटिटी जोडावी लागली, म्हणजे जगाच्या फाइलमध्ये प्रत्येकाची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र वाचन आणि प्रत्येक टिकला, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, त्याची विचारपूस. ज्या सर्व्हरवर लोकांनी साठ-सत्तर रहाट लावले, तिथून अडखळत चालण्याच्या तक्रारी आल्या. जागा वाचवण्यासाठी गेममध्ये सुरुवातीला घेतलेला एक निर्णय कितीतरी वर्षांनी माझ्या मॉडमध्ये अशी किंमत मागत होता.

आयडीचंही तसंच. सुरुवातीला ब्लॉकचा आयडी एका बाइटात बसायचा, म्हणजे २५६ जागा. २०१२ च्या मार्चमध्ये जग साठवायचा ॲन्व्हिल फॉरमॅट आला आणि जागा ४०९६ झाल्या, पण आकडा आकडाच राहिला. दोन मॉडरांनी २१५ निवडला की भांडण सुरू. मॉडपॅक जुळवणारी माणसं संध्याकाळभर कॉन्फिग फाइली उघडून आकडे सरकवत बसायची. २०१३ मधल्या १.७ पासून मॉडरांसाठी आकडे मागे पडून नावं आली आणि ती कटकट संपली. 'रहाट:गाडगं' असं नाव दिलं की दुसऱ्या कुणाच्या गाडग्याशी ते भिडत नाही.

मेटाडेटा मात्र २०१८ च्या जुलैमध्ये १.१३ आलं तेव्हाच संपूर्ण गेला. आता ब्लॉकच्या अवस्थेला नावं आहेत: 'तोंड: उत्तर', 'पाणी: ३', 'चालू: हो'. बिट मोजायची गरज उरली नाही. माझा पाचवा बिट एका ओळीत बसला आणि टाइल एंटिटी काढून टाकली. कोड वाचणाऱ्याला हायसं वाटेल अशी सुधारणा.

आणि त्या सुधारणेने मॉडिंग कम्युनिटीचे दोन तुकडे केले. १.१२.२ पर्यंत आम्ही प्रत्येक ब्लॉकमध्ये अवस्थेचा मेटा आणि मेटाची अवस्था करणाऱ्या दोन मेथड लिहीत होतो. त्या नाहीशा झाल्या आणि त्यांच्यावर उभं असलेलं सगळंच नव्याने लिहावं लागणार होतं. माझा मॉड लहान, तरी अडीच-तीन महिन्यांचे रविवार गेले. ज्यांच्या मॉडमध्ये चारशे ब्लॉक होते त्यांतल्या अनेकांनी हात टेकले. काही जण १.१३ ओलांडून थेट पुढच्या व्हर्जनवर गेले आणि बरेच १.१२.२ वरच राहिले. १.७.१० वर आजही मोठे मॉडपॅक जिवंत आहेत आणि त्यांवर मन लावून काम करणारे लोक आहेत. त्यांना मी हट्टी म्हणणार नाही. त्यांनी उभारलेलं एवढं मोठं काम नव्या घरात हलवणं दोन-चार माणसांच्या आवाक्यातलं नाही.

जुन्या व्हर्जनवर राहण्याची किंमत २०२१ च्या डिसेंबरमध्ये कळली. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली भेग उघड झाली आणि चॅटमध्ये टाकलेल्या एका ओळीने सर्व्हरवर हल्ला करता येऊ लागला. नव्या व्हर्जनला दुरुस्ती मिळाली. जुन्या व्हर्जनच्या सर्व्हरसाठी कंपनीने वेगळ्या कॉन्फिग फाइली दिल्या, पण त्या प्रत्येक सर्व्हर चालवणाऱ्याने स्वतः उतरवून स्टार्टअपच्या ओळीत जोडायच्या होत्या. आम्ही दोन रात्री ओळखीच्या पोरांना फोन करून ते करवून घेत होतो.

मग १.१३ ची सफाई चुकीची होती का? माझ्या मते नाही, ती व्हायलाच हवी होती. ती फार उशिरा झाली, एवढंच. २०१० मध्ये तोच बदल एका आठवड्याचं काम ठरला असता. २०१८ मध्ये ते चार बिट हजारो मॉडच्या आणि लाखो सेव्ह फाइलींच्या पोटात गेलेले होते. तुमच्यापुढचा प्रश्न नेमका हा आहे. 'कोड स्वच्छ असावा का' हे विचारू नका. 'कोडचा कोणता भाग उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे' हे विचारा, आणि तेवढा भाग आज नीट करा.

माझ्या हिशोबाने बाहेर जाणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. वस्तूंची नावं, वस्तू नोंदवायची जागा, सेव्ह फाइलीचा आराखडा, आणि 'आता अमुक घडतंय' अशी हाक मारायच्या जागा. आत चंक, म्हणजे जगाचे तुकडे, कसे रंगवता, प्रकाश कसा पसरवता, तिथे तूर्त गोधडी शिवलीत तरी चालेल, कारण ती उसवून पुन्हा शिवताना कुणाचा मॉड मोडत नाही.

यालाही अपवाद आहे. आतला कोड फार संथ असेल तर मॉडर तिथेही शिरतात. ऑप्टिफाइन आणि नंतर सोडियमसारखे मॉड त्यातूनच जन्मले. ते गाभ्याला हात घालतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक व्हर्जनला त्यांची डागडुजी करावी लागते आणि इतर मॉडशीही ते भिडतात. उलट बाजूने, कोड वाचायला स्वच्छ झाला म्हणजे तो वेगवान झाला असंही नाही. १.८ मध्ये एक्स, वाय, झेड हे तीन आकडे वेगवेगळे फिरवण्याऐवजी 'ब्लॉकपॉस' नावाचं एक ऑब्जेक्ट आलं. मेथड वाचायला सुटसुटीत झाल्या, पण सेकंदाला असंख्य छोटी ऑब्जेक्ट बनू लागली आणि नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या जावाच्या गार्बेज कलेक्टरचं काम वाढलं. आमच्या घरच्या ४ जीबीच्या कॉम्प्युटरवर तो फरक डोळ्यांना दिसायचा.

आणखी एक गोष्ट, कारण तुमचा दुसरा मित्र सफाईच्या भरात ती मोडून टाकेल अशी मला भीती वाटते. माइनक्राफ्टचा पिस्टन, म्हणजे इतर ब्लॉक ढकलणारा ब्लॉक, आपल्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेला मिळालेल्या विजेनेही चालतो. दार दोन ब्लॉक उंच असतं, त्याचं वीज तपासायचं तर्कशास्त्र पिस्टनला लागलं आणि त्यातून हे आलं, असं सांगतात. कोड म्हणून बघितलं तर ही चूक आहे. पण ती सापडेपर्यंत लोकांनी तिच्यावर यंत्रं उभारली होती. जावा एडिशनमध्ये ती चूक 'असंच अपेक्षित आहे' म्हणून ठेवली गेली. बेडरॉकमध्ये ती नाही, म्हणून तिथे जावाची कितीतरी रेडस्टोन यंत्रं जशीच्या तशी चालत नाहीत. सँडबॉक्स गेममध्ये खेळाडूच्या हाती लागलेलं वागणं हा करार होतो, मग तो कुणी लिहून दिलेला असो वा नसो. आणि हा पिस्टन स्वतः मुळात एका खेळाडूचा मॉड होता, २०११ मध्ये बीटा १.७ ला तो गेममध्ये आला. मॉडरांना तुमच्या कोडमध्ये हात घालता आला तर असं काही तुम्हालाही मिळेल.

इतर गेम बघितलेत तर याच गोष्टीच्या दोन टोकांना दोन उत्तरं सापडतील. टेरारियामध्ये वस्तूंची माहिती अनेक वर्षं एका अवाढव्य मेथडमध्ये होती, 'प्रकार अमुक असेल तर असं, तमुक असेल तर तसं' अशा हजारो फांद्या. नवी तलवार घालायची तर त्या रांगेत घुसण्याशिवाय रस्ता नव्हता. सी शार्पचा कोड उलगडता येतो म्हणून लोकांनी टीमॉडलोडर उभा केला. त्याने त्या रांगेच्या बाजूला एक सरळ दार काढलं: तुमच्या तलवारीचा एक क्लास लिहा, बाकीचं आम्ही जोडतो. २०२० मध्ये तो स्टीमवर गेमच्या मालकांच्या संमतीने फुकट उपलब्ध झाला. मालकांनी साथ दिली तर कच्च्या पायावरही असं घर उभं राहतं.

दुसरं टोक फॅक्टोरिओ. प्रागमधल्या या टीमने इंजिन सी प्लस प्लसमध्ये ठेवलं, पण मूळ गेममधली भट्टी, पट्टा, रेल्वेचं इंजिन अशा वस्तू लुआ या स्क्रिप्ट भाषेत मांडल्या. मूळ गेमचा आशयच 'बेस' नावाचा एक मॉड आहे. त्यामुळे मॉडरला जे दार आहे त्याच दारातून गेम बनवणारेही रोज ये-जा करतात आणि बिजागरी करकरली की ती आधी त्यांनाच कळते. मॉड तीन फेऱ्यांमध्ये वाचले जातात, म्हणजे पहिल्या फेरीत दुसऱ्याने काय मांडलं ते बघून पुढच्या फेरीत तुम्ही जुळवून घेऊ शकता. वस्तूचं नाव बदललं तर जुन्या सेव्ह फाइलीसाठी स्थलांतराची छोटी फाइल लिहायची सोय आहे. पण जे एपीआयमध्ये नाही ते मॉडला करताच येत नाही, टीमकडे मागावं लागतं. ते चालतं, कारण टीम ऐकते. इतकं, की स्पेस एक्स्प्लोरेशन या मॉडचा कर्ता त्यांच्या टीममध्ये आला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेस एज हा अधिकृत विस्तार आला.

तुमच्या बाबतीत काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. मल्टिप्लेअर करणार असाल तर क्लायंट आणि सर्व्हर आजच वेगळे करा, एकटा खेळतानाही आत सर्व्हरच चालू द्या. माइनक्राफ्टने हे २०१२ च्या ऑगस्टमध्ये १.३ ला केलं. तोपर्यंत एकट्याच्या खेळासाठी एक मॉड आणि सर्व्हरसाठी दुसरा, असं लोक लिहीत होते. दर महिन्याला अपडेट देणार असाल तर दारं थोडी ठेवा, पण हलवू नका. वर्षातून एकदाच देणार असाल तर जास्त मोकळीक परवडेल. परवान्याचं एका पानात लिहून ठेवा. २०१४ मध्ये बुक्किट हा सर्व्हर-प्रकल्प कोडमुळे बंद पडला नाही, कुणाच्या कोडवर कुणाचा हक्क हे धड ठरलेलं नव्हतं म्हणून अडकला. आणि नावं लपवू नका. माइनक्राफ्टने २०१९ मध्ये खऱ्या नावांची यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यापुढे नावं पुसणारच नाही असं जाहीर केलं. तुमच्याकडे जावा आहे, तुम्ही पहिल्या दिवसापासून हे करू शकता.

म्हणून दोघांपैकी एकाची बाजू घेण्यापेक्षा तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या गेममधलं घराचं दार मुख्य कोडमधून बाहेर काढा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये मॉड म्हणून पुन्हा लिहा. दारच घ्या, दगड नको, कारण दगडाला काहीच करावं लागत नाही. दार दोन ब्लॉक उंच असतं, त्याला दिशा असते, उघडं-बंद असतं, खालचा ब्लॉक फुटला तर वरचाही पडावा लागतो, आवाज होतो, सेव्ह होतं आणि दुसऱ्या खेळाडूला दिसतं. हे करताना मुख्य कोडमध्ये 'दार' हा शब्द एकदाही येता कामा नये. दोन-तीन दिवसांत जमलं तर पहिल्या मित्राचं ऐका आणि गेम बाहेर काढा. तीन आठवडे लागले तर ज्या ज्या ठिकाणी मुख्य कोडला हात लावावा लागला त्या जागांची यादी करून मला पाठवा. त्यातल्या कोणत्या आधी दुरुस्त करायच्या ते आपण एकत्र बसून ठरवू.